‘जुने’ ठरवतो कोण? ग्राफिक्स कार्ड आणि डेस्कटॉपचा इतिहास

यंत्र बिघडणे आणि यंत्र बाद ठरवले जाणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कॅपॅसिटर फुगतो, पंखा जाम होतो, चिप तापून मरते, तेव्हा यंत्र बिघडते. बाद ठरवण्यासाठी यातले काहीच घडावे लागत नाही. कुठेतरी एक निर्णय होतो, नवी आवृत्ती येते आणि कालपर्यंत चालणाऱ्या कॉम्प्युटरवर आज काळी स्क्रीन दिसते. आपण मात्र दोन्हीला एकच वाक्य वापरतो: "कॉम्प्युटर जुना झाला." जणू केस पिकावेत तसे ते आपोआप घडले. माझे म्हणणे असे आहे की ग्राफिक्स हार्डवेअरच्या बाबतीत ‘जुने’ हे जवळजवळ प्रत्येक वेळी ठरवले गेले आहे. ते कोणी, केव्हा आणि कोणत्या कारणाने ठरवले, हे बहुतेक वेळा तारखेसह सांगता येते. आणि ज्याच्या टेबलावर ते यंत्र होते, तो माणूस त्या निर्णयाच्या वेळी तिथे नव्हता.

थोडे मागे जाऊ. नव्वदच्या दशकात डेस्कटॉपवरची खिडकी, बटण, मेनू हे सगळे काढण्याचा मुख्य भार प्रोसेसरवर असे. ग्राफिक्स कार्ड ते चित्र पडद्यापर्यंत पोहोचवी, फार तर चौकोन भरायला किंवा तुकडा सरकवायला मदत करी. त्रिमितीय चित्रे वेगाने काढणारी कार्डे सामान्य ग्राहकाकडे आली ती गेमसाठी. 3डीएफएक्स कंपनीचे व्हूडू कार्ड 1996 चे. त्याआधी 1992 मध्ये सिलिकॉन ग्राफिक्सने ओपनजीएल हे चित्र काढण्याच्या आज्ञांचे प्रमाण जाहीर केले होते, पण ते महागड्या वर्कस्टेशनसाठी होते. ब्रायन पॉल या प्रोग्रामरने 1993 मध्ये हौस म्हणून त्याच आज्ञा समजणारे स्वतःचे सॉफ्टवेअर लिहायला घेतले आणि 1995 मध्ये ते सर्वांसाठी खुले केले. त्याचे नाव मेसा. आज लिनक्सवर चालणाऱ्या बहुतेक मुक्त ग्राफिक्स ड्रायव्हरचा पाया तोच आहे.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा, ती पुढे लागणार आहे. सुरुवातीचा मेसा कोणत्याही कार्डाशिवाय चालायचा. सगळे गणित तो प्रोसेसरवरच करायचा. ज्यांच्याकडे महागडे हार्डवेअर नाही, त्यांनाही ओपनजीएल वापरता यावे, यातच त्याचा जन्म होता.

डेस्कटॉपने गेमच्या कार्डाची मदत घ्यायला सुरुवात केली 2002 च्या सुमारास. ॲपलने मॅक ओएस एक्स 10.2 मध्ये खिडक्या एकावर एक रचण्याचे काम ग्राफिक्स कार्डाकडे दिले. त्यासाठी किमान 16 एमबी मेमरी असलेले ठराविक दर्जाचे कार्ड लागे. पण ज्याच्याकडे ते नव्हते, त्याचा मॅक पूर्वीसारखाच प्रोसेसरवर चालत राहिला. वेग कमी, डेस्कटॉप तोच. म्हणजे नवे आणताना जुन्याला दाराबाहेर काढावेच लागते, असे नाही. 2002 मध्ये ते करून दाखवले गेले होते. (पुढे याच ॲपलने 2018 च्या मोजावेमध्ये मेटल न चालणाऱ्या कार्डांचे मॅक सरळ यादीतून काढले. वाईट सवयी मागाहूनही लागतात.)

आता व्हिस्टा. हे प्रकरण सविस्तर सांगितले पाहिजे, कारण इथे निर्णयामागचा व्यवहार न्यायालयाच्या कागदपत्रांत उघडा पडला.

विंडोज व्हिस्टा जानेवारी 2007 च्या अखेरीस सामान्य ग्राहकांसाठी बाजारात आली. तिचा पारदर्शक काचेसारखा दिसणारा डेस्कटॉप, एरो, हेच तिच्या जाहिरातीचे मुख्य आकर्षण. एरोसाठी डायरेक्टएक्स 9 दर्जाचे कार्ड हवे आणि त्याला डब्ल्यूडीडीएम या नव्या पद्धतीचा ड्रायव्हर हवा, अशी अट होती. व्हिस्टा येण्यापूर्वीच, एप्रिल 2006 पासून, दुकानातल्या एक्सपीच्या कॉम्प्युटरवर ‘व्हिस्टा केपेबल’ असे स्टिकर लागू लागले. ग्राहकाने आज विकत घ्यावे आणि उद्या व्हिस्टा आल्यावर ती टाकावी, असा त्याचा अर्थ.

अडचण इंटेलच्या 915 चिपसेटची होती. त्यातले ग्राफिक्स डायरेक्टएक्स 9 ची भाषा काही प्रमाणात बोलत होते, पण त्यासाठी डब्ल्यूडीडीएम ड्रायव्हर काही आला नाही. अट मूळ रूपात राहिली असती, तर 915 असलेल्या मशीनला ते स्टिकर मिळाले नसते. 2006 च्या सुरुवातीला मायक्रोसॉफ्टने अट शिथिल केली आणि 915 वाले मशीनही ‘केपेबल’ झाले. ते व्हिस्टाची होम बेसिक आवृत्ती चालवू शकत होते, एरो नाही. 2007 मध्ये सिएटलच्या संघीय न्यायालयात ग्राहकांनी दावा दाखल केला. 2008 मध्ये कंपनीचे अंतर्गत ई-मेल उघड झाले. अट खाली आणण्यामागे इंटेलला 915 चे बोर्ड विकत राहता यावेत आणि तिमाहीचे आकडे सांभाळता यावेत हा हेतू होता, असे कंपनीतल्याच एका अधिकाऱ्याने त्यात लिहिले होते. अट पाळून चांगल्या ग्राफिक्सवर पैसे घातलेली एचपी कंपनी या बदलावर नाराज झाली होती. मायक्रोसॉफ्टचे एक उपाध्यक्ष माईक नॅश यांनी स्वतः असा लॅपटॉप घेतला होता. आपल्याकडे आता 2,100 डॉलरचे ई-मेल पाहण्याचे यंत्र आहे, अशी त्यांची तक्रार त्याच कागदपत्रांत आहे.

उपाध्यक्षाची ही अवस्था, तर हप्त्यावर पहिला कॉम्प्युटर घेणाऱ्याचे काय?

दाव्याचा शेवटही पाहण्यासारखा आहे. फेब्रुवारी 2009 मध्ये न्यायाधीशांनी त्याचा सामूहिक दर्जा काढून घेतला. स्टिकरमुळे सगळ्यांचे सारखेच आर्थिक नुकसान झाले, हे वादींना दाखवता आले नव्हते. ज्याला हवे त्याने वैयक्तिक दावा करावा, ही वाट मोकळी राहिली. एका स्वस्त कॉम्प्युटरसाठी एकट्याने मायक्रोसॉफ्टविरुद्ध कोर्टात उभे राहणे म्हणजे काय, हे कोर्टाची पायरी चढलेल्या कोणालाही सांगावे लागणार नाही.

व्हिस्टात दोष कंपनीच्या नफ्याचा होता, असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. म्हणूनच यापुढचे उदाहरण मला जास्त महत्त्वाचे वाटते. ते मुक्त सॉफ्टवेअरचे आहे, जिथे परवान्याने प्रत्येकाला कोड वाचण्याचा, बदलण्याचा आणि वाटण्याचा अधिकार दिलेला आहे.

जीनोम हा लिनक्सवरचा प्रमुख डेस्कटॉप. 6 एप्रिल 2011 रोजी त्याची तिसरी पिढी, जीनोम 3, प्रसिद्ध झाली. तिचे जीनोम शेल संपूर्णपणे ओपनजीएलवर उभे होते, म्हणजे चालते 3डी कार्ड ही डेस्कटॉपची पूर्वअट झाली. ज्यांच्याकडे तसे कार्ड नव्हते, त्यांच्यासाठी जुन्या पॅनेलसारखा दिसणारा ‘फॉलबॅक’ मोड ठेवला होता. उबुंटूनेही त्याच काळात आपल्या युनिटी डेस्कटॉपसोबत युनिटी 2डी नावाची हलकी आवृत्ती दिली. दोन वर्षेही गेली नाहीत. ऑक्टोबर 2012 च्या उबुंटू 12.10 मध्ये युनिटी 2डी गेली. त्याच्या पुढच्याच महिन्यात जीनोमने फॉलबॅक मोड काढण्याचा निर्णय जाहीर केला आणि मार्च 2013 च्या जीनोम 3.8 मध्ये तो अंमलात आला.

कारण दोन्हीकडे जवळपास एकच होते. दोन डेस्कटॉप सांभाळायला माणसे नाहीत, आणि पर्याय म्हणून एलएलव्हीएमपाइप आहेच. हा मेसाचाच एक भाग. कार्ड नसेल तर ओपनजीएलचे सगळे गणित तो प्रोसेसरवर करतो. युक्तिवाद असा की आता एकच डेस्कटॉप सगळ्यांसाठी. कार्ड असेल तर कार्डावर, नसेल तर प्रोसेसरवर. कागदावर समानता पूर्ण.

प्रत्यक्षात काय होते ते पाहा. एलएलव्हीएमपाइप चांगला चालतो तो अनेक कोअर असलेल्या, नव्या आज्ञासंच समजणाऱ्या 64 बिट प्रोसेसरवर. दुबळे ग्राफिक्स आणि दुबळा प्रोसेसर मात्र बहुधा एकाच खोक्यात येतात, कारण ते एकाच दिवशी, एकाच तुटपुंज्या बजेटमध्ये घेतलेले असतात. 2005 च्या मशीनमध्ये 2012 चा प्रोसेसर नसतो. मग दणकट प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड मात्र नाही, अशी स्थिती कोणाची? व्हर्च्युअल मशीनमध्ये नवे सॉफ्टवेअर तपासून पाहणाऱ्याची, म्हणजे बहुतेक वेळा सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याचीच. गरिबाच्या नावाने काढलेल्या योजनेचा लाभार्थी भलताच निघावा, तसा हा प्रकार. यात कोणी लबाडी केली असे मी म्हणत नाही. ज्यांनी ठरवले त्यांच्या टेबलावर तो पर्याय खरोखरच व्यवस्थित चालत होता. प्रश्न त्यांच्या टेबलाचा आहे.

समाजशास्त्र शिकताना औपचारिक समता आणि प्रत्यक्ष समता यांतला फरक आम्ही परीक्षेत दहा मार्कांसाठी लिहीत असू. एलएलव्हीएमपाइप हे त्याचे मला सापडलेले सर्वात स्वच्छ उदाहरण आहे.

याला एक मराठी बाजूही आहे. जीनोमचे मेनू आणि संदेश मराठीत आणण्याचे काम मोठ्या प्रमाणात पुण्यात, रेड हॅटच्या कार्यालयातल्या आणि बाहेरच्या लोकांनी केले. हजारो ओळी, बहुतेक वेळा कोणाच्या शाबासकीशिवाय. मराठी मेनूची सर्वात जास्त गरज कोणाला? जो पहिल्यांदाच कॉम्प्युटरसमोर बसतो आहे त्याला. आणि पहिल्यांदा बसणाऱ्याच्या वाट्याला येणारा कॉम्प्युटर बहुधा कोणाचा तरी वापरून झालेला असतो. भाषा त्याच्यापर्यंत आली आणि पडदा मागे राहिला.

जीनोमच्या निर्णयाविरुद्ध लोक गप्प बसले नाहीत, हेही नोंदवले पाहिजे. पेरबेरोस या टोपणनावाने लिहिणाऱ्या अर्जेंटिनातल्या एका वापरकर्त्याने 2011 मध्ये जीनोम 2 चा कोड घेऊन माटे हा स्वतंत्र डेस्कटॉप सुरू केला. लिनक्स मिंटने त्याला उचलून धरले. काढून टाकलेला फॉलबॅक मोडही ‘जीनोम फ्लॅशबॅक’ या नावाने काही मोजक्या लोकांनी जिवंत ठेवला. हे शक्य झाले कारण कोड खुला होता. व्हिस्टाच्या ग्राहकाला ही सोय नव्हती. मुक्त सॉफ्टवेअरच्या बाजूने बोलायचे तर याहून मोठा मुद्दा नाही, आणि मी तो पूर्ण मान्य करतो.

पण अधिकार असणे वेगळे आणि तो बजावण्याइतके बळ असणे वेगळे. डेस्कटॉपचे पॅनेल सांभाळणे एक वेळ चार-पाच जणांना जमते. ग्राफिक्स ड्रायव्हर सांभाळायला चिपची अंतर्गत रचना कळावी लागते, कार्ड हातात असावे लागते, महिनोन्‌महिने वेळ असावा लागतो. मेसाचा इतिहास पाहिला की दोन्ही बाजू समजतात.

3डीएफएक्स कंपनी 2000 च्या डिसेंबरात एनव्हिडियाला मालमत्ता विकून संपली. तिच्या ग्राहकांना वाली उरला नाही. तरीही व्हूडू कार्डांचा मुक्त ड्रायव्हर मेसामध्ये आणखी अकरा वर्षे राहिला. फेब्रुवारी 2012 च्या मेसा 8.0 मधून तो काढला गेला. सोबत मॅट्रॉक्स, सॅव्हेज, सिस, रेज 128, इंटेल 810 यांचेही ड्रायव्हर गेले. लिनक्स कर्नेलमधले त्यांचे उरलेले अवशेष तर 2023 च्या 6.3 आवृत्तीपर्यंत टिकून होते. कंपनी मेल्यानंतर बावीस वर्षे! विकणाऱ्याने सोडलेले ओझे न विकणाऱ्यांनी इतकी वर्षे वाहिले, हे मान्य न करता टीका करणे अप्रामाणिक ठरेल. आणि 2011 मध्ये त्यांनी दिलेले कारणही खोटे नव्हते. ती कार्डे तपासून पाहणारे कोणी उरले नव्हते. न तपासलेला कोड मोडका असतो, आणि मोडका कोड बाकी सगळ्यांचे काम अडवतो.

फक्त ‘कोणी उरले नव्हते’ या वाक्यापाशी मी थांबतो. उरले नव्हते म्हणजे मेलिंग लिस्टवर उरले नव्हते. इंग्रजीत बग नोंदवणारे, कोड स्वतः कंपाइल करून पाहणारे उरले नव्हते. ज्याला हे येत नाही त्याचे कार्ड चालू असले तरी तो मोजला जात नाही. गप्प राहिलेल्याला अनुपस्थित समजणे ही सवय काही फक्त सॉफ्टवेअरवाल्यांची नाही. पण तिथेही ती आहे.

पुढच्या वेळी मेसाने हेच काम जास्त जबाबदारीने केले. डिसेंबर 2021 मध्ये ‘क्लासिक’ प्रकारचे सगळे जुने ड्रायव्हर मुख्य शाखेतून काढायचे ठरले. त्यात रेडिऑन 7000 ते 9250, एनव्हिडियाची जिफोर्स 4 पर्यंतची कार्डे आणि इंटेलचे दोन मोठे ड्रायव्हर होते. पण ते फेकून दिले नाहीत. ‘अँबर’ नावाची वेगळी शाखा केली आणि ती नव्या मेसाच्या शेजारी बसवता येईल अशी सोय ठेवली. इंटेलच्या चिप्सचा प्रश्न सर्वात मोठा होता, कारण ऑफिसच्या साध्या कॉम्प्युटरमध्ये त्याच असतात. त्यासाठी डेव्ह एअरली यांनी आधीच, 2021 मध्येच, क्रोकस हा नवा ड्रायव्हर मेसात आणला होता. 2006 च्या 965 पासून 2013 च्या हॅसवेलपर्यंतच्या इंटेल ग्राफिक्ससाठी तो नव्या रचनेत लिहिलेला आहे. त्याहूनही जुन्या 915 आणि 945 चिप्ससाठी नव्या रचनेतला दुसरा ड्रायव्हर मेसात होताच. त्याची डागडुजी करून तो मुख्य शाखेत ठेवला गेला. मायक्रोसॉफ्टने स्टिकर लावून फसवलेली ती 915 चिप मेसा 22.0 मध्ये, म्हणजे 2022 साली, चालत होती.

मग ‘जुने हार्डवेअर सांभाळणे अशक्य आहे’ या वाक्याचे काय करायचे? एका जाणकार माणसाने ठरवले तर सात वर्षांच्या चिप्सना नवे आयुष्य मिळते. म्हणजे अडचण तंत्राची कमी आणि त्या माणसाचा वेळ कोण विकत घेते याची जास्त आहे.

हे सगळे आपल्यापर्यंत कसे येते? आमच्या वस्तीतल्या अभ्यासिकेत सहा कॉम्प्युटर आहेत. एकही नवा घेतलेला नाही. कोणत्यातरी ऑफिसने बदलले म्हणून मिळाले. त्यातल्या तिघांत इंटेलचा जी41 चिपसेट आहे. ही 2008 ची रचना. पण भारतात तिचे बोर्ड त्यानंतर कितीतरी वर्षे नवे म्हणून विकले गेले, त्यामुळे ती अजून सगळीकडे सापडते. मुले त्यावर स्पर्धा परीक्षेचे अर्ज भरतात, शिष्यवृत्तीचे पोर्टल उघडतात, व्हिडिओ पाहून गणित सोडवतात. 14 ऑक्टोबर 2025 रोजी विंडोज 10 चा मोफत सपोर्ट सर्वसाधारणपणे संपला. विंडोज 11 ला डायरेक्टएक्स 12 चालवणारे ग्राफिक्स लागते, शिवाय टीपीएम 2.0 आणि ठराविक पिढीनंतरचा प्रोसेसर. जी41 चा प्रश्नच नाही. तेव्हा प्रत्येक जण एकच सल्ला देतो: लिनक्स टाका. सल्ला बरोबर आहे, आम्ही तेच केले. पण देणाऱ्यांनी एवढे तरी सांगावे की कोणते लिनक्स, कोणत्या डेस्कटॉपसह. एका हितचिंतकाने उत्साहाने नवा जीनोम टाकून दिला. माऊस हलवला की बाण मागून यायचा. मुलांनी दोन दिवसांत निष्कर्ष काढला की लिनक्स वाईट. त्यावर एक्सएफसीई टाकल्यावर तेच मशीन बरे चालू लागले.

आणि हा इतिहास संपलेला नाही. जीटीके हे जीनोमच्या कार्यक्रमांचे बटण-खिडक्या काढणारे साधन. 2024 मध्ये त्याच्या 4.14 आवृत्तीत नवी चित्रपद्धती आली. तिला ओपनजीएल 3.3 किंवा ओपनजीएल ईएस 3.0 लागते. 2025 च्या 4.18 मध्ये जुनी ओपनजीएल पद्धत काढून टाकली गेली. जी41 क्रोकसच्या कृपेने चालतो, पण त्याची धाव ओपनजीएल 2.1 पर्यंत. त्यामुळे अशा मशीनवर जीटीके 4 चे कार्यक्रम कैरो या प्रोसेसरवर चित्र काढणाऱ्या जुन्या मार्गाने जातात. 2013 मध्ये झाले तेच: कार्ड चालू, ड्रायव्हर चालू, आणि काम पुन्हा दुबळ्या प्रोसेसरच्या खांद्यावर. त्याच सुमारास ब्लेंडरनेही हीच वाट धरली होती. 2019 च्या 2.80 मध्ये ओपनजीएल 3.3 ची अट, नोव्हेंबर 2023 च्या 4.0 मध्ये 4.3 ची. ब्लेंडरचे मी समजू शकतो, ते त्रिमितीय चित्रांचेच साधन आहे. मजकूर लिहायच्या साध्या खिडकीला तीच अट का लागावी, हे मला अजून कोणी पटवून दिलेले नाही.

कैरोचा तो मार्ग अजून शाबूत आहे. तो काढायची चर्चा जेव्हा होईल, तेव्हा कोणीतरी पुन्हा विचारेल की हे वापरते कोण. आमच्या अभ्यासिकेतल्या दोन मुली सध्या जी41 वर अडणाऱ्या कार्यक्रमांची यादी करत आहेत: कोणती आवृत्ती, कोणता ड्रायव्हर, काय दिसते, किती वेळ लागतो. इंग्रजी मी तपासून देतो. पहिले तीन बग गेल्या महिन्यात नोंदवले. एकाला उत्तर आले आहे. कार्ड अजून वापरात असल्याचे त्यांना ठाऊक नव्हते.